वाचकांचे प्रश्न: पोकरचे टेबल आणि मंडळीचे बाक

प्रश्न: सप्रेम जय ख्रिस्त. मी नवापूर तालुक्यातला असून नंदुरबारला खासगी नोकरी करतो. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही पंचवीस-तीस जण एका मित्राच्या गोदामात पोकरची स्पर्धा भरवतो. प्रवेश फी 500 रुपये असते आणि पहिल्या चौघांना बक्षीस मिळते. दारू नसते, शिवीगाळ नसते. मी प्रार्थना करून खेळायला बसतो, जिंकलेल्या रकमेचा दशांश मंडळीत देतो आणि तिथे दोघा-तिघांशी ख्रिस्ताविषयी बोललोही आहे. मात्र कळल्यापासून वडील माझ्याशी नीट बोलत नाहीत आणि पाळकसाहेबांनी मला तरुण संघाच्या कामातून तूर्त बाजूला केले आहे. पत्त्यांविरुद्ध एकही वचन मला पवित्र शास्त्रात सापडले नाही. पोकर हा कौशल्याचा खेळ आहे. मग माझे चुकते कुठे? आणि ब्लफ करणे, म्हणजे हाती भारी पत्ते नसताना ते असल्याचे भासवणे, हे खोटे बोलणे आहे का?

उत्तर: वचन सापडले नाही हे खरेच आहे आणि ते सापडणारही नाही, कारण पत्ते युरोपातसुद्धा चौदाव्या शतकात पोहोचले. चिठ्ठ्या टाकण्याचा उल्लेख मात्र शास्त्रात अनेकदा येतो. वधस्तंभाखाली शिपायांनी प्रभूच्या झग्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या आणि यहूदाच्या जागी मत्थियाची निवडही प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकूनच केली. तेव्हा नशिबाचा भाग असलेली प्रत्येक गोष्ट पाप, असे मी तुम्हांला सांगणार नाही.

ब्लफचा प्रश्न तर मला सोपा वाटतो. समोरचा आपले पत्ते लपवणार, हे ठाऊक असूनच प्रत्येक जण त्या टेबलावर बसतो. कबड्डीत चढाई करणारा एकीकडे झुकून दुसरीकडे हात मारतो, त्याला कोणी खोटारडा म्हणत नाही. खोटे बोलण्याची वेळ बहुधा घरी गेल्यावर येते, जेव्हा बायको किंवा आई विचारते की आज किती गेले.

कौशल्याच्या मुद्द्यावर मात्र थोडे थांबू. सुरुवातीला मिळणाऱ्या दोन पत्त्यांत सर्वांत भारी अशी दोन एक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांत एकदा हाती येते आणि एकाच प्रतिस्पर्ध्याच्या कोणत्याही दोन पत्त्यांपुढे शंभरांत सुमारे पंधरा वेळा तीही हरते. अर्थात एका रात्रीत नशीब बरेच काही ठरवते, पण दोन-तीन वर्षे खेळणाऱ्याचे कौशल्य दिसल्याशिवाय राहत नाही, हे मला मान्य आहे. हा युक्तिवाद न्यायालयात उपयोगी पडेल; देवापुढे तो तुमच्याच अंगाशी येतो. निव्वळ नशिबाने जिंकणाऱ्याला निदान म्हणता येते की पैसे आपसूक आले. तुम्हांला तसे म्हणता येत नाही, कारण समोरच्याला खेळ कमी येतो हे ओळखून तुम्ही त्याचे पैसे घेता. त्या पैशातून काही पिकले नाही की विकले गेले नाही. एकाच्या खिशातून ते दुसऱ्याच्या खिशात गेले, इतकेच घडले.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. आपल्याकडच्या 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातून निव्वळ कौशल्याचे खेळ वगळलेले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ मानला. तथापि जागेचा मालक किंवा क्लब त्या खेळातून नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो, असेही त्याच निकालात म्हटले. पोकरबाबत न्यायालयांचे एकमत नाही आणि गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये तो जुगारच ठरवला. तुमच्या नवापूरच्या फलाटावरचे बाक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, तेव्हा हा फरक मी तुम्हांला समजावून सांगायला नको. गोदामवाला मित्र प्रत्येक प्रवेश फीतून काही कापून घेत असेल तर ते आजच बंद करा. मोबाईलवर पैसे लावून खेळण्याचा विचार असेल तर 2025 च्या केंद्रीय कायद्याने तो विषयच संपवला आहे, मग खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा.

आता वडिलांविषयी. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खान्देशात पत्त्यांचे डाव कसे रंगतात हे तुम्ही लहानपणापासून पाहिले असेल. बाया-पोरी झोक्यावर गाणी म्हणत असतात आणि निंबाच्या सावलीत पुरुषांची सतरंजी पडलेली असते. माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतल्यावर पत्त्यांना हात लावला नाही, पण आखाजीला ते ओट्यावर बसून लांबून बघत आणि कोणी चुकीचे पान टाकले की स्वतःशीच चुकचुकत. त्यांना खेळ आवडत नव्हता असे नाही. त्या सतरंजीवर काय काय गेले होते ते त्यांना आठवत होते. मीही एकदा शिरपूरकडच्या एका गावी एका ट्रॅक्टरवाल्याला बियाण्यासाठी आणलेले पैसे लावताना पाहिले. जिंकणारा भला गृहस्थ होता, परंतु नोटा गोळा करताना त्याने एकदाही मान वर केली नाही. तुमच्या गोदामात बाद झालेल्याला पुन्हा 500 रुपये भरून बसता येते का, हे तुम्ही लिहिलेले नाही. येत असेल तर रात्री अकरा वाजता तिसऱ्यांदा फोन काढून कोड स्कॅन करणारा कोण असतो आणि त्या वेळी तुम्ही कुठे पाहत असता, एवढे मला कळवा.

करिंथच्या मंडळीला पौलाने मूर्तीच्या नैवेद्याच्या मांसाविषयी लिहिले ते इथे लागू पडते. खायला हरकत नाही हे ठाऊक असूनही, भावाला अडखळण होत असेल तर तो मांस सोडायला तयार होता. तुमच्या वडिलांच्या पिढीने दारू आणि पत्ते एकाच दिवशी सोडले, त्यामुळे त्यांच्या मनात ते एकाच गाठोड्यात बांधलेले आहेत. पाळकसाहेबांनीही तुम्हांला बाजूला करण्याआधी तासभर समोर बसवून बोलायला हवे होते, असे मला स्पष्टपणे वाटते.

जिंकलेल्या पैशाचा दशांश देऊ नका. दशांश कष्टाच्या कमाईचा असतो आणि हरलेल्याच्या पैशाला तो धुऊन काढत नाही. सुवार्तेचे म्हणाल तर ज्याचे 500 रुपये तुम्ही नुकतेच घेतले, तो ती कितपत मोकळ्या मनाने ऐकेल? तीच मंडळी, तेच पत्ते आणि तेच गोदाम ठेवून पुढचे तीन महिने बिनपैशांची स्पर्धा भरवा, चहापुरती वर्गणी काढा, विजेत्याला एखादा करंडक द्या. किती जण येतात आणि तुम्हांला स्वतःला यावेसे वाटते का, ते पाहून पुन्हा पत्र लिहा.

प्रश्न: आमच्या मंडळीच्या छपरासाठी कापणीच्या सणाला 100 रुपयांची कुपने काढून मोटारसायकलची सोडत ठेवावी, असे काही वडीलजनांचे म्हणणे आहे. आपले मत काय? (एक भगिनी, जळगाव जिल्हा)

उत्तर: ठेवू नये. सरकारी परवानगीवाचून लॉटरी चालवणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 297 खाली गुन्हा आहे. शिवाय वर ज्या मुलाला मी इतके सुनावले, त्याला उद्या काय उत्तर देऊ? त्यापेक्षा सणाचा नेहमीचा लिलावच जोरात करा. भरताची वांगी, केळीचा घड, कोंबडी, जे येईल ते मांडा. घेणाऱ्याने दुप्पट भाव दिला तरी वस्तू त्याच्या हातात पडते. गेल्या वर्षी आमच्याकडे एकाच भोपळ्याचा तीनदा लिलाव झाला, कारण घेणाऱ्यांनी तो दोनदा परत अर्पण केला; तिसऱ्या वेळी मात्र पाळकीणबाईंनी तो उचलून सरळ स्वयंपाकघरात नेला.