आधी घराचं वजन कर, मग ट्रक बघ

तू ताई म्हणून विचारलंस, म्हणून अरेतुरे करूनच लिहिते. तुझा प्रश्न थोडक्यात असा: एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत ऑस्टिनला येतोयस, बायको आणि चार वर्षांची लेक बरोबर आहे. अपार्टमेंटचं भाडं भरण्यापेक्षा ३० फुटी ट्रेलर घेऊन त्यातच राहायचं ठरवलंयस. तो ओढायला फोर्डची एफ-१५० पिकअप पुरेल का? आम्ही दोघं आणि आमचा मुलगा चार वर्षं असेच राहिलो. त्यातले पहिले आठ महिने चुकीच्या गाडीने काढले, आणि ते दिवस तुझ्या वाट्याला येऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

गाडी किती ओढते हा आकडा जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो. तो बाजूला ठेव. ड्रायव्हरचं दार उघड. चौकटीवर पिवळा-पांढरा स्टिकर दिसेल. माणसं आणि सामान मिळून किती पाउंडांच्या वर जाऊ नये, ते त्यावर छापलेलं असतं. हाच पेलोड. तो त्या मॉडेलचा नसतो, त्या एका गाडीचा असतो. सनरूफ आणि बाकीच्या सोयी वाढल्या की पेलोड घटतो.

आमच्या हाफ-टन पिकअपवर (एफ-१५०च्याच वर्गातली) १,५४० पाउंड लिहिलं होतं. विकणारा म्हणाला, गाडी ११,००० ओढते, तुमचा ट्रेलर भरून साडेनऊ हजारांचा, आरामात जाईल. स्टिकरबद्दल तो चकार शब्द बोलला नाही आणि विचारायचं असतं हे आम्हाला माहीत नव्हतं. आता हिशोब बघ. ट्रेलरचं पुढचं टोक ट्रकवर जो भार टाकतं त्याला टंग वेट म्हणतात. ते एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. १३ टक्के धरले तर १,२३५. वजन वाटून देणारा हिच, म्हणजे ट्रेलर ट्रकला जोडणारा सांधा, साधारण १००. आम्ही तिघं ३७०. मागच्या हौद्यात अवजारं, होज, लाकडी ठोकळे १५०. बेरीज १,८५५. म्हणजे ३१५ पाउंड जास्त, जवळजवळ दीड क्विंटल. ओढायची ताकद शिल्लक होती, पण पाठीवर घ्यायची संपली होती.

मग टंग वेट कमी करू, असं मनात येतं. ते करू नकोस. माझे वडील बैलगाडी भरताना पोती पुढे-मागे सरकवत बसायचे. मागे जास्त भरली की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. ट्रेलरचंही तसंच. पुढचा भार १० टक्क्यांच्या खाली गेला की ट्रेलर मागून डोलायला लागतो. आय-३५ महामार्गावर एक मोठा ट्रक शेजारून गेला, तेव्हा आधी त्याच्याकडे ओढल्यासारखं झालं, मग बाहेर ढकलल्यासारखं, आणि आरशात आमचं घर डावी-उजवीकडे हलताना दिसलं. अशा वेळी ट्रकचा ब्रेक दाबायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ब्रेक कंट्रोलरवरची (ट्रेलरचे ब्रेक चालवणारी, ड्रायव्हरजवळची डबी) पट्टी हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. ती पट्टी न बघता हाताला सापडली पाहिजे.

म्हणून क्रम असा ठेव: आधी ट्रेलर, मग ट्रक. ट्रेलरच्या माहितीपत्रकातलं कोरडं वजन विसरून जा, कारण त्यात तुझं पाणी नाही आणि संसार नाही. जीव्हीडब्ल्यूआर म्हणजे कमाल वजन, तोच आकडा धर. आपण कायम राहणारी माणसं, आपला ट्रेलर भरतोच. पाण्याचा एक गॅलन ८.३ पाउंडांचा, ६० गॅलनची टाकी भरली की ५०० पाउंड झाले. आणि आपलं स्वयंपाकघर! स्टीलचे डबे, बिडाचा तवा, पोळपाट, मिक्सर, दोन कुकर, २० पाउंडांच्या कणकेच्या पिशव्या. मी एकदा सगळं काढून वजनकाट्यावर ठेवलं, २१० पाउंड भरलं.

तुझ्या ३० फुटीसाठी मी एफ-१५० नाही, तिच्या वरच्या वर्गातली थ्री-क्वार्टर टन पेट्रोल पिकअप घेईन. इथे एक फसगत होते: या थ्री-क्वार्टर टन, म्हणजे २५०० वर्गातल्या बऱ्याच पिकअपचं कमाल वजन १०,००० पाउंडांवर अडवलेलं असतं आणि डिझेल इंजिन जड असतं, त्यामुळे डिझेलवाल्याचा पेलोड कधी कधी चांगल्या हाफ-टनपेक्षा थोडाच जास्त निघतो. ट्रकच्या हौद्यात जोडायचा मोठा ट्रेलर, म्हणजे फिफ्थ व्हील, डोक्यात असेल तर त्याचा भार २० ते २५ टक्के ट्रकवर येतो. १४,००० पाउंडांवर तो २,८०० ते ३,५०० होतो. त्याला त्याहून वरच्या वर्गातला वन-टनच हवा. डोंगरात जाणार असशील तर टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे ३ टक्क्यांनी घटते. कोलोरॅडोत आय-७०वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. उतरताना कसारा घाटातला भरलेला ट्रक आठव: गिअर आधी खाली, ब्रेक नंतर.

पहिल्या आठवड्यातच ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल नावाच्या वजनकाट्यावर जा, पूर्ण भरलेल्या गाडीने. ॲक्सलप्रमाणे वजनाची चिठ्ठी मिळते, खर्च किरकोळ.

ट्रेलर निवडताना टेक्ससचा उन्हाळा विसरू नकोस. ३० अँपिअरच्या ट्रेलरला एकूण ३,६०० वॅट मिळतात, त्यात एक एसी जेमतेम चालतो. ५० अँपिअरला १२,००० मिळतात. मुलीसाठी ५० अँपिअर आणि दोन एसी घे. थंडीत मात्र कुकरची वाफ भिंतींवर पाणी होऊन बसते. छतातला हवा बाहेर फेकणारा पंखा लावल्याशिवाय शिट्टी होऊ देऊ नकोस. वापरलेला ट्रेलर घेताना कोपऱ्यांतली जमीन पायाने दाबून बघ. मऊ लागली तर आत पाणी मुरलंय, तो घेऊ नकोस. टायरवर डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. सहा वर्षांवरचे टायर बदलायचेच. दहा वर्षांपेक्षा जुना ट्रेलर बरेच आरव्ही पार्क, म्हणजे अशी फिरती घरं भाड्याने उभी करायच्या जागा, घेत नाहीत. आणि वॉरंटी नीट वाच. कायम राहण्याला ती अनेकदा लागू होत नाही. विमा कंपनीलाही ‘फुल-टाइमर’, म्हणजे त्यातच कायम राहणारा, असल्याचं स्पष्ट सांग.

आता तुझ्या व्हिसाचं. फिरतं घर म्हणून फिरत राहू असं वाटेल, पण एच-१बीची नोकरी ठरलेल्या जागेशी बांधलेली असते. घरून काम करत असशील तर तुझा ट्रेलर हीच कामाची जागा. ती त्या महानगर परिसराबाहेर मुक्कामाला हलवायची तर आधी कंपनीला दुरुस्त अर्ज करावा लागतो. अमेरिकी इमिग्रेशन खात्याच्या २०१५च्या निर्णयानंतर यात संदिग्धता राहिलेली नाही. पत्ता बदलला की १० दिवसांत एआर-११ हा पत्ता कळवायचा फॉर्म भरायचा. त्यामुळे पहिली वर्षं ऑस्टिनच्या आसपास एकाच पार्कात राहा, सुट्टीत फिर, आणि कंपनीच्या वकिलाला लेखी विचार. टेक्ससचं लायसन्स ९० दिवसांत काढायचं.

ट्रेलर मागे घेणं रिकाम्या पार्किंगमध्ये शिक, दोन रविवार दे त्याला. हात स्टिअरिंगच्या तळाशी धर. ट्रेलरचं मागचं टोक जिकडे न्यायचं तिकडे हात सरकव. बायकोलाही शिकव; आमच्याकडे ट्रेलर मीच जास्त चांगला लावायचे.

गाडी आवडली की सही करण्याआधी त्या दारातल्या स्टिकरचा आणि ट्रेलरच्या वजनाच्या पाटीचा फोटो मला पाठव. रात्री उशिरा असला तरी चालेल, मी बेरीज करून लगेच कळवते.