टॅपेट टाईट नसतो करायचा, झडप बसू द्यायची असते

प्रश्न असा आलाय: "माझ्याजवळ 2011ची होंडा सीबीआर 250 आर मोटरसायकल आहे, वॉटर-कूल्ड. मेकॅनिक म्हणतो टॅपेट टाईट करावे लागतील, मॅन्युअलमध्ये व्हॉल्व्ह क्लिअरन्स लिहिलंय. दोन्ही एकच का? आणि मराठीत लिहिताना झडप-समायोजन म्हणावं का?"

व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारं नाहीतर धूर बाहेर सोडणारं झाकण, आणि क्लिअरन्स म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग (टॅपेट किंवा रॉकर) यांच्यातली बारीक फट. आधी ते 'टाईट' संपवू या, कारण हे ऐकून ऐकून डोकं उठलंय. इंदुरात कुठल्याही गॅरेजसमोर गाडी लावा, इंजिनातून जरा टिकटिक आली की लगेच "भिया, टॅपेट टाईट कर देता हूँ, आवाज बंद." अरे पण तुमच्या गाडीत टाईट करायला स्क्रू आहे कुठे? जुन्या बुलेटला होता, तिथे साईडचं झाकण उघडून पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारा लांब दांडा, बोटांनी मोकळा फिरतो का ते बघायचे आणि नट आवळायचे, तिथलाच हा शब्द, गाडी बदलली तरी तोंडात तसाच राहिला. सीबीआरमध्ये रॉकरखाली टिकलीएवढी चकती असते, तिला शिम म्हणतात, फट कमी-जास्त करायची तर ती चकती काढून दुसऱ्या जाडीची बसवायची. तेव्हा काम एकच, शब्द मात्र दुसऱ्या गाडीचा.

आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा 'टाईट'च्या बरोब्बर उलटं करावं लागतं! व्हॉल्व्ह वापरून वापरून आपल्या सीटमध्ये खोल जातो, त्याची दांडी वर सरकते, फट कमी होते. माझ्या भाच्याच्या ह्याच गाडीत एक्झॉस्टची, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची, फट 0.20 मिलिमीटर निघाली, हवी 0.27, तीनशतांश इकडेतिकडे चालते. जुनी शिम 1.80ची, म्हणजे 1.80 मधून 0.07 वजा, 1.73, जवळची मिळते 1.725. पातळ चकती, म्हणजे ढिलं केलं की टाईट? आवाज तर त्याआधी काहीच नव्हता. वॉटर-कूल्डला सिलिंडरभोवती पाण्याचं जाकीट असतं, टिकटिक तशीही कमी ऐकू येते, त्यात फट संपत आली की इंजिन एकदम गुपचूप. तेच इंजिन बघून एकाने भाच्याला सांगितलं होतं, "एकदम मक्खन है."

टॅपेट शब्दात सांगण्यासारखं फार नाही, इंग्रजी टॅप म्हणजे टकटक करणं, त्याला शेपूट लावलं. पुढे चला.

खरी मजा झडपेत आहे. हृदयाची झडप, पंपाची झडप सगळ्यांना माहीत आहे, ते सोडा. रामबागेत माझ्या आजोळी जिन्याच्या डोक्यावर लाकडी झडप होती, रात्री आजोबा दोरी सोडायचे आणि ती धाडकन खाली यायची, मग वरून आडणा. एकदा कोणाची तरी चप्पल फटीत अडकली, झडप बसली नाही, रात्रभर खालच्या चुलीचा धूर माडीवर. इंजिनात नेमकं हेच होतं! फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, जळता वायू कडेने निसटतो, आणि बसला नाही म्हणून सीटला उष्णता देता येत नाही, शेवटी कड जळते. एक्झॉस्ट जास्त तापतो, दांडी जास्त लांबते, म्हणून त्याला फट जास्त, हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या इनलेटला 0.16.

आता बघा, व्हॉल्व्ह शब्दाचं मूळ लॅटिन 'वाल्वा', म्हणजे दाराचं पान! दोन्हीकडे लोकांना घरातलं दारच सुचलं, कोणी कोणाचं न बघता. त्या वाल्वाच्या मागे 'वोल्वेरे', फिरवणं, आणि त्याचं नातं आपल्या संस्कृत 'वल्'शी लावतात, ज्यातून वलय, वळण, वळणे. म्हणजे व्हॉल्व्ह, गॅरेजवाल्यांच्या तोंडचा 'वॉल', आणि घाटातलं वळण लांबचे भाऊ. फक्त हा वॉल वळत नाही, वरखाली उड्या मारतो.

म्हणूनच मला झडप जास्त आवडते. झट, झटका, झटपट, झडप, सगळी एका गोतातली, अचानक हालचालीची. घार पिल्लावर झडप घालते ती आणि जिन्यावरची झडप मुळात एकच, असं माझं ठाम मत आहे, धाडकन पडते म्हणून झडप. पुण्याचे एक शब्दप्रेमी गृहस्थ मला लिहितात की नाही हो, झडप हा 'झाप'चा अपभ्रंश, झाप म्हणजे झोपडीच्या दाराला लावायची पानांची ताटी. ठीक आहे, मग मधला 'ड' कुठून आला, तो काय वाटेत शिवाजीनगरला चढला? ताटी उचलून हळूच बाजूला ठेवतात, तिला झडप कोण म्हणेल? सहा हजार आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असताना, एक व्हॉल्व्ह दर दोन फेऱ्यांना एकदा, सेकंदाला पन्नास वेळा उघडून मिटतो. पन्नास! दाराचं पान म्हणणारे लॅटिनवाले पण इथे हरले, ही झडपच.

हां, समायोजन. नका लिहू. परिभाषा कोशवाल्यांना लखलाभ, पण 'झडप-समायोजन' वाचून हातात पाना घ्यावासा वाटेल का कोणाला? 'झडपांची फट बघणे' लिहा, शिम बदलली तर 'फट जुळवणे'. आणि फट मोजायची ती पातळ पट्ट्यांची जुडी 'फिलर' गेज नाही, फीलर, चाचपणारी. इंजिन गार पाहिजे, 35 डिग्रीच्या खाली, त्यामुळे मे महिन्यात इंदुरात दुपारी तो विचार सोडा, आम्ही पहाटे पाचला अंगणात बसलो होतो, पोहे येईपर्यंत चारही झडपा मोजून झाल्या. भाच्याची गाडी आता जरा टिकटिकते, शेजारचे विचारतात टॅपेट टाईट का नाही करून घेत.