पाच-सहा जणांनी मिळून मोकळी जागा खरंच वाचते का?

तुम्ही विचारलंय की जवळच्या माळावर बांधकाम येणार अशी कुणकुण लागलीये, आपण पाच-सहा जणच आहोत, तर ती जागा आणि तिथले पक्षी वाचवता येतील का आणि सुरुवात कुठून करायची. येतात वाचवता, पण दरवेळी नाही, आणि अख्खी जागा तर क्वचितच. मी असल्या एका भानगडीत तीन वर्षं घातलीत, म्हणून आधी आमची चूक सांगतो.

आम्ही पहिल्यांदा सह्या गोळा केल्या. ढीगभर. ग्रुप, बॅनर, सेल्फी सगळं झालं आणि तो गठ्ठा घेऊन ऑफिसात गेलो तर साहेबांनी अगदी शांतपणे एकच विचारलं, "पण तिथे आहे काय? मोकळी जागाच तर आहे." आमच्यातल्या एकालाही धड उत्तर देता आलं नाही हो. खूप पक्षी येतात, एवढंच. कुठले, किती, कधी, काही पत्ता नाही.

मग वही घातली. दर रविवारी सकाळी दोन तास, ठरलेली एकच वाट, दिसेल ते लिहायचं आणि घरी आल्यावर पक्षी ईबर्डवर, बाकी किडे-झाडं-साप आयनॅचरलिस्टवर (दोन्ही अशा नोंदी टाकायच्या ऑनलाइन साइट), तारीख आणि जागेसकट. पहिले काही महिने नुसता कंटाळा, साळुंक्या आणि बुलबुल, बुलबुल आणि साळुंक्या. मग एका उन्हाळ्यात टिटवी डोक्यावर घिरट्या घालत नुसती बोंबलायला लागली म्हणून जागीच थांबलो, खाली बघतो तर माझ्या बुटापासून वीतभरावर चार अंडी. घरटं म्हणावं असं काहीच नाही, जमिनीतल्या उथळ खळग्यात ठेवलेली, मातकट, त्यावर काळे डाग, आजूबाजूच्या खड्यांत मिसळून गेलेली. त्या वाटेने मी वर्षभर चालत होतो! (नंतर लगेच मागे फिरलो, आणि अशी जागा नकाशावर जाहीर टाकू नका, फोटोवाल्यांची रांग लागते.)

माळ आणि गवताळ जागांचं दुखणं हेच आहे, कागदावर पडीक लिहिलेलं असतं आणि झाडं नाहीत म्हणजे काही नाही असं सगळ्यांनाच वाटतं. झाडं असली तरी 'एकाच्या बदल्यात दहा लावू' हे उत्तर तयारच असतं. म्हातारं झाड म्हणजे ढोल्या, घुबड आणि पोपट ढोलीत राहतात, आणि रोपट्याला ढोली यायला कित्येक दशकं लागतात, तोवर त्यांनी जायचं कुठे?

तुमची संख्या कमी आहे त्याचं फार मनावर घेऊ नका. सिडनीत केलीज बुश म्हणून छोटं रान आहे, तिथे घरं होणार होती तेव्हा शेजारच्या १३ बायकांनी पत्रं लिहिली, मंत्र्यांना भेटल्या, काही हललं नाही. शेवटी १९७१ मध्ये त्या बांधकाम मजुरांच्या युनियनकडे गेल्या आणि युनियनने बिल्डरला सांगून टाकलं की तिथे हात लावलात तर तुमची दुसरीकडची अर्धवट इमारत तशीच राहील. पुढे १९८३ मध्ये सरकारनेच ती जागा विकत घ्यायचं ठरवलं. बर्लिनचं टेम्पलहोफ विमानतळ २००८ मध्ये बंद झालं, मैदान लोकांना खुलं झालं, मग कडेला बांधकामाचा प्लॅन आला आणि २०१४ च्या सार्वमतात लोकांनी तो पाडला. तिथे चंडोल जमिनीवरच घरटी करतात आणि विणीच्या हंगामात तेवढा भाग बंद ठेवतात.

आता कागद. जागा कोणाच्या नावावर आहे, विकास आराखड्यात ती कशासाठी दाखवलीये आणि हरकती द्यायची मुदत कधी संपते, या तीन गोष्टी आजच शोधा. मुदतीनंतरच्या हजार सह्यांपेक्षा मुदतीच्या आत दिलेली एक मुद्देसूद हरकत जास्त चालते, हे आम्ही उशिरा शिकलो. आणि कोर्टात जायचंच असेल तर अशी प्रकरणं लढलेला वकील आधी गाठा, जेसीबी आल्यावर नाही.

आमचं काय झालं? माळ गेला. टिटवीवाला तुकडा पण गेला. राहिली ती ओढ्याकाठची पट्टी, कारण मुंगूस आणि बेडूक तिथून पलीकडच्या झाडीत ये-जा करतात हे आमच्या वहीत तारखांसकट होतं आणि या वेळी साहेबांनी ती वही मागून घेतली, चाळली, झेरॉक्स पण काढली. बिल्डरच्या नकाशात मग भिंत थोडी आत सरकली. हरलो की जिंकलो यावर आमच्यातच अजून भांडणं होतात.

तुम्ही या रविवारी वही घेऊन निघा. आणि टिटवी डोक्यावर ओरडायला लागली तर पुढचं पाऊल टाकण्याआधी खाली बघा.