नर्सिंगची पदवी : इमारत पाहावी की वॉर्ड?

प्रश्न : बी. एस्सी. नर्सिंगसाठी मला दोन महाविद्यालयांत प्रवेश मिळू शकतो. पहिल्याची इमारत नवी आहे, कौशल्य प्रयोगशाळा सुसज्ज आहे आणि ‘शंभर टक्के निकाल’ असे माहितीपुस्तिकेत ठळक छापलेले आहे. परंतु त्याचे स्वतःचे रुग्णालय नाही, विद्यार्थ्यांना बसने निरनिराळ्या रुग्णालयांत नेले जाते. दुसरे महाविद्यालय एका जुन्या, सतत गजबजलेल्या रुग्णालयाला जोडलेले आहे, पण तिथली वर्गखोल्यांची आणि वसतिगृहाची व्यवस्था बेताचीच आहे. घरच्यांचा कल पहिल्याकडे आहे. पुढे परदेशात काम करण्याची माझी इच्छा आहे. निवड कशी करावी?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : दोन्ही महाविद्यालयांना तुमच्या नर्सिंग परिषदेची आणि विद्यापीठाची चालू वर्षाची मान्यता आहे की नाही, हे सर्वांत आधी त्या संस्थांच्या अधिकृत यादीतच पडताळून घ्या. मान्यता मर्यादित मुदतीची आणि ठरावीक जागांपुरती असू शकते, त्यामुळे कार्यालयाच्या भिंतीवर टांगलेले जुने प्रमाणपत्र पुरेसे नाही. मान्यता नसेल तर पदवीनंतर परिचारिका म्हणून नोंदणी होणार नाही, आणि मग बाकी कशाचाच विचार करण्याचे कारण उरत नाही.

दोन्हीकडे मान्यता आहे असे धरले, तर माझा कल दुसऱ्या महाविद्यालयाकडे आहे. मात्र ते रुग्णालयाला जोडलेले आहे एवढ्याच कारणाने नव्हे. नर्सिंगच्या पदवीत रुग्णाजवळ घालवलेले तास हा अभ्यासक्रमाचा गाभा असतो. युरोपीय संघाच्या नियमांनुसार सामान्य परिचारिकेच्या प्रशिक्षणाला किमान 4,600 तास लागतात आणि त्यांतले निम्मे तरी प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या शिक्षणाचे असावे लागतात. म्हणून हे तास कुठे, कोणाच्या देखरेखीखाली आणि किती जणींच्या घोळक्यात जाणार आहेत, हेच तुम्हाला शोधून काढायचे आहे.

त्याचे उत्तर प्राचार्यांपेक्षा तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनी अधिक नेमके देतील. मागच्या पोस्टिंगमध्ये तुला किती रुग्ण नेमून दिले होते, मूत्रनलिका पहिल्यांदा घातलीस तेव्हा शेजारी कोण उभे होते, ट्यूटर वॉर्डात पूर्ण वेळ थांबतात की हजेरी घेऊन निघून जातात, प्रसूतिकक्षात स्वतः काही केलेस की भिंतीशी उभी राहून पाहिलेस, असे प्रश्न तिला विचारा. एखादीने दाखवली तर तिची प्रात्यक्षिकांची नोंदवहीही पाहा. वर्षभराच्या नोंदींखालच्या सह्या एकाच शाईत, एकाच दिवशी केल्यासारख्या दिसत असतील, तर त्या महाविद्यालयात प्रात्यक्षिके वॉर्डापेक्षा कागदावरच जास्त होत असावीत, असा संशय घेण्यास जागा आहे.

बसने जावे लागणे हा स्वतःत दोष नाही. एकाच रुग्णालयात मनोरुग्ण विभाग, बालरोग विभाग, अतिदक्षता विभाग आणि सामुदायिक आरोग्याचे काम हे सगळे क्वचितच मिळते, त्यामुळे बाहेरचे पोस्टिंग अनेक चांगल्या महाविद्यालयांतही असते. अडचण तेव्हा होते, जेव्हा एकाच वॉर्डात तीन-चार महाविद्यालयांच्या विद्यार्थिनी एकाच वेळी येतात आणि एका खाटेभोवती दहा जणी उभ्या राहतात. खाटांची संख्या विचारताना त्यांतल्या किती खाटांवर रुग्ण असतात, हेही विचारायला विसरू नका. तीनशे खाटांचे रुग्णालय अर्धे रिकामे असेल तर शिकायला रुग्णच मिळणार नाहीत.

गजबजलेल्या रुग्णालयाचीही एक वाईट बाजू आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. तिथे मनुष्यबळ अपुरे असेल, तर विद्यार्थिनींना शिकवण्याऐवजी फुकटचे हात म्हणून राबवले जाते. 2014 साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 9 युरोपीय देशांतील रुग्णालयांच्या अभ्यासात एका परिचारिकेवर एका रुग्णाचा भार वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णाचा दाखल झाल्यापासून 30 दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी अधिक असल्याचे आढळले होते. इतक्या ताणाखाली काम करणाऱ्या सिस्टरकडे तुम्हाला समजावून सांगायला वेळ कुठून असणार? दुसऱ्या महाविद्यालयातल्या विद्यार्थिनी वर्ग बुडवून रात्रपाळीच्या रिकाम्या जागा भरत आहेत असे दिसले, तर माझे मत मी मागे घेईन.

कौशल्य प्रयोगशाळेला तुमच्या घरचे महत्त्व देतात, ते अगदीच चुकीचे नाही. अमेरिकेतील नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने 2014 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रुग्णसेवेच्या तासांपैकी निम्म्यापर्यंत तास प्रयोगशाळेतल्या, रुग्णाच्या जागी ठेवलेल्या पुतळ्यांवरच्या आणि प्रसंगनाट्याच्या सरावाला दिले तरी विद्यार्थ्यांच्या अंतिम कामगिरीत लक्षणीय फरक पडला नव्हता. पण तिथे शिक्षक त्यासाठी खास प्रशिक्षित होते आणि प्रत्येक सरावानंतर सविस्तर चर्चा होत असे. म्हणून प्रयोगशाळा पाहायला जाल तेव्हा पुतळ्यांपेक्षा वापराचे वेळापत्रक मागा. प्लॅस्टिकचे आवरणही न काढलेला महागडा पुतळा फक्त पाहुण्यांसाठीच असतो.

‘शंभर टक्के निकाल’ या दाव्याबाबत एकच प्रश्न पुरेसा आहे : पहिल्या वर्षी प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जणी ठरलेल्या मुदतीत पदवी घेऊन बाहेर पडल्या? कच्च्या विद्यार्थिनींना परीक्षेलाच बसू दिले नाही, तर कोणत्याही महाविद्यालयाचा निकाल उत्तम लागतो.

परदेशाचा विचार असल्याने आणखी एक गोष्ट आजच विचारून ठेवा. अन्य देशांत नोंदणीसाठी अर्ज करताना सिद्धान्त आणि प्रात्यक्षिक यांचे तास विषयवार दाखवणारा उतारा महाविद्यालयाकडून किंवा विद्यापीठाकडून मागितला जातो, आणि काही ठिकाणी तो थेट संस्थेने पाठवावा लागतो. माजी विद्यार्थिनींना असा उतारा किती दिवसांत मिळाला, याची चौकशी करा. अमेरिकेत एनक्लेक्स ही परवाना परीक्षा द्यावी लागते. तिच्या नावाने शिकवणी देण्याची जाहिरात कोणतेही महाविद्यालय करू शकते, म्हणून त्या जाहिरातीला फारसे महत्त्व देऊ नका.

वसतिगृह मात्र हलक्यात घेऊ नका. पहाटेची पाळी आणि रात्रीची पाळी करणाऱ्या मुलीला सुरक्षित खोली आणि पुरेशी झोप लागतेच, तेव्हा तिथे एकदा आईवडिलांना सोबत नेऊन या. प्रवेश निश्चित करण्यापूर्वी चारही वर्षांचे शुल्क, गणवेश, बस आणि परीक्षा यांचा खर्च, तसेच मध्येच शिक्षण सोडल्यास मूळ प्रमाणपत्रे परत मिळण्याची अट, हे सर्व लेखी घ्या. जे महाविद्यालय हे लिहून द्यायला तयार होत नाही, त्याला यादीतून वगळा, मग ते या दोहोंपैकी कोणतेही असो.