लग्न ठरलंय, पण फोनवर 'जेवलीस का'च्या पुढे बोलणं सरकत नाही. आम्हा दोघांना आणि दोन्हीकडच्या मित्रमंडळींना बोलतं करणारे खेळ, प्रश्न सुचवाल का?

तुम्ही लिहिलंय की साखरपुड्याला तीन आठवडे झाले, रोज रात्री फोन होतो, 'जेवलीस का', 'हो, तुम्ही?' इथवर येऊन दोघंही गप्प होता. शिवाय लग्नाआधी दोन्हीकडची मित्रमंडळी एकदा तुमच्या घरी जमणार आहेत आणि ती दोन कोपऱ्यांत दोन कोंडाळी करून बसतील अशी तुम्हाला धास्ती आहे. माझंही लग्न ठरवूनच झालं, डिसेंबर २०१४ मध्ये. म्हणून आधी माझं सांगते.

मी साताऱ्याची, सासर निफाड तालुक्यातलं. लग्नाआधी आम्ही दोनदा भेटलो, दोन्ही वेळेला घरची माणसं समोर. नंतर नाशिकला दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटलं आणि पहिले कित्येक दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज. मी इंटरनेटवरून प्रश्नांची एक यादी वहीत उतरवून घेतली होती. एका संध्याकाळी चहा केला, समोर बसले आणि विचारलं, "तुमचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं स्वप्न काय?" नवरा कपाकडे बघत म्हणाला, "तसं काही नाही." मी यादीतला पुढचा प्रश्न काढला. त्यालाही तेच उत्तर. या माणसाला माझ्याशी बोलायचंच नाही, असं वाटून त्या रात्री मी रडले.

जानेवारीत मटार स्वस्त झाले. तीन किलो आणले, खाली वर्तमानपत्र अंथरलं आणि दोघंही सोलायला बसलो. बघते तर प्रत्येक शेंगेतला पहिला दाणा हा तोंडात टाकतोय. "ही सवय कुणाची?" मी एवढंच विचारलं. "आजीची," म्हणाला. मग आजी मळ्यात कशी यायची, द्राक्षांच्या काढणीच्या दिवसांत सगळी चुलत भावंडं शेडमध्येच कशी झोपायची, असं करत करत तो गेल्या मार्चमधल्या गारपिटीवर आला. काढणीला आलेली बाग तासाभरात झोपली होती. वडील रात्रभर ओट्यावर बसून होते आणि घरात कुणी कुणाशी बोललं नव्हतं. बागेचं कर्ज अजून फिटलेलं नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ज्याच्या घरची बाग नऊ-दहा महिन्यांपूर्वी गेली त्याला मी समोर बसवून स्वप्न विचारत होते.

तीन किलो मटार सोलून संपले तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते.

त्या दिवसापासून मी एक धरून ठेवलंय: माणसाचे हात कशात तरी गुंतलेले असावेत, नजर दुसरीकडे असावी आणि प्रश्न समोर दिसणाऱ्या लहानशा गोष्टीवरून निघावा. समोरासमोर बसून विचारलेला चांगला प्रश्नही मुलाखतीसारखा वाटतो. मटार, शेंगा, पालेभाजी निवडणं, जेवणानंतरची शतपावली, गाडीतून लांबचा प्रवास, यांतलं काहीही चालेल. शतपावली मला सगळ्यात आवडते. दोघं एकाच दिशेला बघत चालतात, मधली शांतता खटकत नाही, आणि बोलणं रंगलं तर चौकाला आणखी एक फेरी मारता येते.

आपल्या जुन्या माणसांना हे पक्कं ठाऊक होतं. लग्नानंतर हळदीच्या किंवा दुधाच्या पाण्यात अंगठी टाकून दोघांना शोधायला लावतात, मुठीतली सुपारी सोडवायला लावतात, विडा दातांत धरून तोडायला लावतात. ज्या काळात नवरा-नवरी एकमेकांना धड पाहिलेलीही नसत, त्या काळात पहिला स्पर्श आणि पहिलं हसू या खेळांच्या आडून येत असे. उखाण्याचंही तसंच. नवऱ्याचं नाव उच्चारायची बायकांना चोरी, मग यमकाच्या आधाराने ते नाव सगळ्यांसमोर घ्यायची सोय झाली. तुमच्या लग्नात हे खेळ 'उरकून टाका' म्हणून फोटोपुरते होऊ देऊ नका. अंगठीला नीट दहा मिनिटं द्या.

उखाणा तर फोनवरही खेळता येतो. आठवड्याला एक, दोघांनी एकमेकांसाठी करायचा, आणि त्यात त्या आठवड्यात कळलेली एक तरी खरी गोष्ट यायला हवी. पाठ केलेला, चांदीच्या ताटातला आणि रुप्याच्या वाटीतला चालणार नाही. आमच्या घरातला एक सांगते:

दारामागे टांगली किराण्याची यादी,
...रावांचं नाव घेते, चहाची साखर लिहा आधी.

मात्रा मोजू नका. नवऱ्याला चहा किती गोड लागतो ते या दोन ओळींत आलं, तेवढं पुरे. त्याने माझ्यासाठी केलेला मी इथे लिहीत नाही, तो आमच्या दोघांचा आहे.

आता तुमचा खरा प्रश्न, रात्रीचा फोन. फोनवर हात रिकामे असतात, म्हणून लोक नुसते 'अजून काय' म्हणत राहतात. त्याला दोन उपाय. एक, दोघांनी एकाच वेळी एकच काम करायचं. तुम्ही तुमच्या गल्लीत शतपावली घाला, त्यांनी त्यांच्या गच्चीवर. दुसरा, वस्तूचा खेळ. फोनच्या आधी एकाने घरातल्या एका जुन्या वस्तूचा फोटो पाठवायचा: आजीचा अडकित्ता, शाळेतली कंपासपेटी, वडिलांचं बंद पडलेलं घड्याळ. दुसऱ्याने आधी तर्क करायचा की ही कुणाची, घरात कुठे असते, अजून का ठेवलीय. मग खरी गोष्ट ऐकायची. तर्क चुकतो तेव्हाच जास्त मजा येते, कारण समोरचा 'नाही नाही, ऐका' म्हणून उत्साहाने सांगू लागतो.

गावांच्या भेंड्याही अशाच. गाण्यांच्या भेंड्यांसारखंच शेवटच्या अक्षरावरून पुढचं गाव, पण अट अशी की त्या गावी तुम्ही स्वतः गेलेले असाल किंवा तिथे तुमचं कुणी तरी राहत असेल, आणि गावाबरोबर एक आठवण सांगायची. आम्ही पहिल्यांदा खेळलो तेव्हा साताऱ्यावरून रोहा, रोह्यावरून हिंगोली, हिंगोलीवरून लासलगाव असे चौथ्याच गावाला अडकलो. वडिलांबरोबर ट्रॅक्टरवर बसून कांद्याच्या लिलावाला पहिल्यांदा गेल्याची गोष्ट सुरू झाली आणि 'व'वरून पुढचं गाव त्या रात्री आलंच नाही. खेळ अर्धा राहिला तर राहू द्या, त्यासाठीच तो सुरू केलेला असतो.

इंटरनेटवर 'प्रेमात पाडणारे ३६ प्रश्न' म्हणून एक यादी फिरते, ती तुम्हाला कुणी ना कुणी पाठवेलच. म्हणून त्याबद्दल थोडं. आर्थर अ‍ॅरन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर १९९७ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध केलं. अनोळखी माणसांच्या जोड्या केल्या, प्रश्नांचे तीन संच दिले, साधारण पाऊण तास दिला. ज्या जोड्यांना नुसत्या गप्पांचे प्रश्न दिले होते त्यांच्यापेक्षा या जोड्यांना एकमेकांबद्दल जास्त जवळीक वाटली. प्रेमात पाडणं हा त्यांचा हेतूच नव्हता. प्रश्न साध्यापासून सुरू होऊन हळूहळू खोल जातात आणि प्रत्येक प्रश्नाला दोघांनीही उत्तर द्यायचं असतं, यात त्याची सगळी ताकद आहे. मी वहीतल्या यादीबरोबर नेमकं उलटं केलं होतं. खोल प्रश्न पहिल्याच दिवशी, आणि उत्तर फक्त त्याने द्यायचं. त्या ३६ पैकी सुरुवातीचा एक प्रश्न तुमच्यासाठीच असल्यासारखा आहे: फोन करण्याआधी काय बोलायचं याची मनात उजळणी करता का, आणि का? आधी तुमचं उत्तर सांगून टाका, मग त्यांना विचारा.

हार्वर्डमधल्या संशोधकांच्या २०१७ च्या एका अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, जी मला जास्त उपयोगाची वाटते. जी माणसं समोरच्याच्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न विचारतात, ती लोकांना जास्त आवडतात. म्हणजे वीस प्रश्नांची यादी करण्यापेक्षा एका प्रश्नाच्या मागे तीन पावलं जा. 'डब्यात काय असायचं?' 'पोळी-भाजी.' इथे पुढच्या विषयावर उडी मारू नका. भाजी कुठली, डबा कुणाबरोबर खायचीस, ती मैत्रीण आता कुठे आहे? तिसऱ्या पावलाला माणूस भेटतं.

मला फळाला आलेले काही प्रश्न देते. घरी तुला काय हाक मारायचे, आणि ती हाक आता कोण मारतं? लहानपणी आजारी पडल्यावर खायला काय मिळायचं? (माझ्याकडे मऊ भात, मेतकूट आणि त्यावर तूप, सासरी मुगाची खिचडी. हा फरक माहीत असणं पुढे फार कामाला येतं.) मे महिन्याच्या सुट्टीत कुणाकडे जायचात? दिवाळीच्या फराळातलं काय सगळ्यात आधी संपायचं? पहिला पगार कशावर खर्च केलास? घरात कुणाला न सांगता केलेली एखादी चांगली गोष्ट कुठली? आणि ओळख थोडी मुरल्यावर, घाई न करता, हा एक: तुमच्या घरी भांडण झाल्यावर आधी कोण बोलायचं? हा मी लग्नाच्या आधी विचारायला हवा होता. आमच्या घरी अर्ध्या तासात आई हाक मारून जेवायला बसवायची आणि भांडण संपायचं. त्यांच्याकडे दोन दोन दिवस गप्प राहायची रीत. त्यांच्या त्या गप्प राहण्याचा मी सुरुवातीला काय काय अर्थ लावला होता!

मित्रमंडळींचं आता. 'चला, प्रत्येकाने उठून ओळख करून द्या' हे अजिबात करू नका, लाजाळू माणूस त्याच क्षणी मिटतो. आधी काम द्या. भेळ करायला घ्या: कांदा चिरायला तुमचा एक आणि त्यांची एक, चटणीला दुसरी जोडी, कैरी किसायला तिसरी. भेळ खाऊन होईपर्यंत निम्मी नावं आपोआप पाठ झालेली असतात. मग चिठ्ठ्या. प्रत्येकाने स्वतःबद्दल बहुतेकांना माहीत नसलेली एक साधी गोष्ट लिहायची, घडी करून डब्यात टाकायची. एकेक चिठ्ठी वाचायची आणि कुणाची ते सगळ्यांनी ओळखायचं. आमच्याकडे एका अगदी अबोल पाहुण्याच्या चिठ्ठीत 'मी विहिरीत उडी मारून बकरीचं पिल्लू काढलं आहे' असं निघालं आणि पुढचा अर्धा तास सगळे त्याच्याभोवती होते.

त्यानंतर दमशेराज किंवा गाण्यांच्या भेंड्या, पण संघ मिसळून. मुलाकडचे विरुद्ध मुलीकडचे असे संघ कधीही पाडू नका, तसं लग्नात पुढे व्हायचंच असतं. भेंड्यांत एक बदल केलात तर छान: गाणं म्हणणाऱ्याने ते कुठे, कुणाकडून पहिल्यांदा ऐकलं ते एका वाक्यात सांगायचं. चौघंच असाल तर राजा-मंत्री-चोर-शिपाई आजही तितकंच रंगतं.

पाठीला पाठ लावून दोघांना बसवायचं, हातात आपली एक आणि जोडीदाराची एक चप्पल द्यायची, आणि 'जास्त रागीट कोण', 'आधी सॉरी कोण म्हणतं' असं विचारल्यावर चप्पल वर करायची, हा खेळ हल्ली संगीताला सर्रास असतो. खेळा, पण प्रश्न आधी कुणा समजूतदार माणसाकडून वाचून घ्या. मी एका घरी 'जास्त खर्चिक कोण' या प्रश्नावरून मुलीचा चेहरा उतरलेला पाहिलाय. पगार, वजन, रंग, जुनी प्रकरणं, पाळणा कधी हलणार, हे सगळं बाहेर ठेवा. 'ट्रुथ ऑर डेअर' मी नव्या ओळखीत खेळवतच नाही. त्यात कुणाला तरी कोंडीत पकडल्याशिवाय रंग भरत नाही, आणि कोंडीत सापडलेला माणूस तुमच्या घरी पुन्हा मोकळा होत नाही. कुठल्याही खेळात 'मी हा सोडतो' म्हणायची मुभा असू द्या आणि तिथे ऐकलेलं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाणार नाही, हे खेळ सुरू करायच्या आधीच मोठ्याने सांगा.

आणि 'जेवलीस का' विचारणं सोडू नका हं. ती काळजी आहे, ती त्यांच्यापर्यंत पोचतही असेल. फक्त आज रात्री त्या 'हो'नंतर विचारा, काय होतं, आणि आज केलं कुणी?