मागच्या सीटवर बसणाऱ्याने मर्सिडीझ ईक्यूएस 580 घ्यावी का?

तुमचा प्रश्न असा : आठवड्यातून दोनदा पुणे-मुंबई, गाडी ड्रायव्हर चालवणार, तुम्ही मागे. मर्सिडीझची इलेक्ट्रिक सेडान ईक्यूएस 580 घ्यावी का आणि चार्जिंग पुरेल का? चार्जिंग पुरतं. अडचण मागच्या सीटची आहे.

आधी चार्जिंगचं बघू. बॅटरी 107.8 युनिटची, म्हणजे वीजबिलातलंच युनिट. एका चार्जमध्ये 857 किमी हा एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेचा आकडा कागदावर राहू द्या. एसी लावून ताशी 100 ने गेलात तर शंभर किमीला 18 ते 20 युनिट धरा, म्हणजे एका चार्जमध्ये साडेपाचशे किमीच्या आसपास. पुणे-मुंबई-पुणे त्यात आरामात बसतं. बोरघाटाचा चढ साडेपाचशे मीटरचा. माणसांसकट पावणेतीन टनांची गाडी वर चढवायला पाचेक युनिट जादा जातात आणि उतरताना मोटर उलटी वीज बनवते, म्हणून त्यातली बरीच परत येतात. फक्त लोणावळ्यात 100 टक्के भरून लगेच घाट उतरू नका. भरलेल्या बॅटरीत परत येणाऱ्या विजेला जागाच नसते, मग सगळा भार ब्रेकवर येतो. 80-85 टक्क्यांवर थांबा.

खरी सोय घरी हवी. 11 किलोवॅटच्या चार्जरला थ्री-फेज, फेजमागे 16 अँपिअर लागतात. रिकामी बॅटरी भरायला दहा तास. साध्या 15 अँपिअरच्या प्लगवर दीड दिवस जाईल. गाडी बुक करण्याआधी सोसायटीचा मंजूर लोड विचारून घ्या. बाहेर 200 किलोवॅटचा चार्जर मिळाला तर 10 ते 80 टक्के 31 मिनिटांत होतं. 60 च्या चार्जरवर सव्वा तास, आणि त्याच चार्जरच्या दुसऱ्या गनवर (गाडीत लावायच्या केबलवर) कोणी आलं की बऱ्याच ठिकाणी 30-30 अशी वाटणी होते, मग अडीच तास.

आता सीट. बॅटरी पायाखाली असल्याने फ्लोअर उंच आहे. गुडघे वर येतात आणि मांड्या सीटवर नीट टेकत नाहीत. हवेचा अडथळा (ड्रॅग कोइफिशंट) 0.20 इतका कमी करायला छत मागे उतरतं केलंय, त्यामुळे उंच माणसाचं डोकं छताजवळ जातं. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 3210 मिमी, पाय पसरायला जागा भरपूर, म्हणून शोरूममधल्या पाच मिनिटांत हे कळत नाही. टेस्ट ड्राइव्हला चाळीस मिनिटं मागेच बसा. पुढे बसणाऱ्याला मात्र गाडी अप्रतिम आहे : 523 हॉर्सपॉवर, शांत केबिन, आणि मागची चाकंही वळत असल्याने एवढी लांब गाडी अरुंद पार्किंगमध्ये सहज फिरते.

बीएमडब्ल्यूची इलेक्ट्रिक सेडान आय7, तिचं छत सरळ, मागची बैठक जास्त आरामाची. पण ती आयात होते. जानेवारी 2023 मध्ये ती 1.95 कोटींना आली. चाकणला जुळणी होणारी ईक्यूएस सप्टेंबर 2022 मध्ये 1.55 कोटींना (दोन्ही एक्स-शोरूम). स्वतः मागे बसणार असाल तर माझं मत आय7 ला.

ईक्यूएस घेतलीच तर ड्रायव्हरला दोन गोष्टी सांगून ठेवा. उंच स्पीडब्रेकरआधी बटण दाबून एअर सस्पेन्शन 25 मिमी वर घ्यायचं, नाहीतर पोट घासतं. आणि बॉनेट आपण उघडायचं नाही. काच धुण्याचं पाणी बाजूच्या फेंडरवरच्या झाकणातून भरतात.

महागड्या इलेक्ट्रिक सेडानची किंमत पहिल्या दोन-तीन वर्षांत जोरात घसरते, म्हणून वापरलेली घेणं शहाणपणाचं. तेव्हा बॅटरीची उरलेली क्षमता सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या आणि टायरची आतली कड हाताने चाचपून बघा. अडीच टनांची गाडी आणि 855 न्यूटन-मीटर टॉर्क, टायर लवकर झिजतात, आणि आतली झीज उभ्याने दिसत नाही.