आजी म्हणाली, ही तर झालच झाली

प्रिय सानू,

काल फोनवर तू विचारलंस आणि नेमकी तेव्हाच तिकडची लाइट गेली, म्हणून लिहूनच पाठवते. एखादा शब्द अडला तर आजीला वाचून दाखवायला सांग. तिनेही ऐकावं असं यात बरंच आहे.

तू सांगितलंस ते असं. दुपारी कूलर लावून सगळ्यांनी 'टॉय स्टोरी ३' पाहिला. आजीला भराभर इंग्रजी कळत नाही म्हणून तू शेजारी बसून तिला मराठीत सांगत होतीस. शेवटी अँडी कॉलेजला निघतो आणि आपली खेळणी छोट्या बॉनीला देतो, तिथे आजीने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "अगं बाई, ही तर झालच झाली." झाल म्हणजे काय विचारलंस, तर म्हणाली, "आईला विचार, तिची झाली आहे." शिवाय तुला कोडं पडलं की सगळेच रडले, पण प्रत्येक जण वेगळ्या ठिकाणी का?

ते आधी सांगते. अँडीची आई त्याच्या रिकाम्या खोलीत पाऊल टाकते आणि उघड्या भिंती बघून तिला भरून येतं, तिथे मामी रडली ना? दादा जुलैत पुण्याला हॉस्टेलवर जाणार आहे. मामीला त्या वेळी अँडीची खोली दिसतच नव्हती. मामाला भट्टीचा प्रसंग सोसला नाही. खेळणी आगीकडे घसरत जातात, सुटायची वाट नसते, आणि ती ओरडत नाहीत, नुसते एकमेकांचे हात धरतात. आजोबांच्या ऑपरेशनच्या रात्री मामा तसाच आजीचा हात धरून बसला होता. आणि आजोबा मधेच उठून कुंड्यांना पाणी घालायला गच्चीवर गेले म्हणालीस. जूनमध्ये, दुपारी तीन वाजता. ग्वाल्हेरच्या त्या उन्हात कुणी झाडांना पाणी घालत नाही, सानू. त्यांना जरा एकटं राहायचं असेल.

आता झाल. लग्नातला हा अगदी शेवटचा विधी. सप्तपदी झालेली असते, पंगती उठलेल्या असतात, मांडवातल्या खुर्च्या उचलायला सुरुवात झालेली असते. तेव्हा वेळूची टोपली आणतात, तिच्यात कणकेचे दिवे लावतात आणि ती नवऱ्यामुलाच्या आईवडिलांच्या, काका-मावश्यांच्या डोक्यावर एकेक करून टेकवतात. पोथीत याला ऐरणीदान म्हणतात. गुरुजी एक श्लोक सांगतात, त्याचा शेवट आहे 'दत्ता स्नेहेन पाल्यताम्'. दिली आहे, मायेने सांभाळा. हे मुलीच्या आईवडिलांनी म्हणायचं असतं. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला छावणी टाकली, तिचाच पुढे लष्कर हा शहराचा भाग झाला आणि आपल्यासारखी कितीतरी मराठी घरं तिथे रुजली. दोनशे वर्षांत आपली बोली अर्धी हिंदी झाली, पण झाल हा शब्द टिकला. शेजारपाजारचे विदाई म्हणतात, आपल्या घरात झालच.

माझं लग्न लष्करातच झालं, बाड्याच्या चौकापासून चालत दहा मिनिटांवरच्या कार्यालयात. गुरुजींच्या मागून श्लोक म्हणताना आजोबांचा आवाज बसला. गुरुजी थांबले. मग आजोबा मराठीतच बोलायला लागले. तुझ्या इंदूरच्या आजीला म्हणाले, "विहीणबाई, ही चहा गार करून पिते, तिला घाई करू नका. रागावली की जेवत नाही, पण ताटात लिंबाचं लोणचं वाढलंत की आपणहून येऊन बसते. आणि हिला अंधारात झोप लागत नाही, बाहेरचा एखादा दिवा राहू द्या." इंदूरच्या आजीच्या डोक्यावर टोपली होती, तरी तिने जोरात मान हलवली. एक दिवा कलंडला, तो मामाने बोटांनी सावरला. त्याच्या अंगठ्याला फोड आला होता. इंदूरच्या घरी जिन्यातला दिवा रात्रभर चालू असतो, तू मागे विचारलंही होतंस की कुणी बंद का करत नाही. तो त्या दिवसापासून चालू आहे.

यातली एक गोष्ट मला पटत नाही, ती तुझ्यापासून लपवणार नाही. मुलगी ही द्यायची वस्तू नाही. म्हणून आम्ही कन्यादान वगळलं होतं. गुरुजी नाराज झाले, आजोबांनी त्यांची समजूत घातली. पण झाल ठेवा असं मीच म्हटलं, कारण तीत देण्यापेक्षा सांगणं जास्त आहे. आपलं माणूस दुसऱ्या घरी चाललं, तर त्याला काय आवडतं, ते कशाला घाबरतं, हे तिथल्या माणसांना कुणीतरी सांगायला हवं. तुझ्या बाबांचं मला कुणी काहीच सांगितलं नाही, सगळं माझं मलाच शोधावं लागलं. झाल दोन्हीकडून व्हायला हवी, असं माझं अगदी मनापासूनचं मत आहे. आणि दादाची झाल करायला हॉस्टेलवर समोर कोण आहे? मामीला खरं दुःख त्याचं आहे.

आता अँडीकडे बघ. खोक्यावर बॉनीचा पत्ता होता, वूडीनेच, अँडीच्या सगळ्यांत लाडक्या काउबॉय बाहुल्याने, तो लिहिला होता. खोकं दारात ठेवून अँडी निघून गेला असता तरी चाललं असतं. पण तो गवतावर बसतो आणि एकेक खेळणं हातात घेऊन त्याची ओळख करून देतो. रेक्स किती भयंकर डायनासोर आहे, जेसीला जनावरं आवडतात पण तिचा घोडा बुल्सआय सगळ्यांत जास्त. खोक्याच्या तळाशी वूडी निघतो. वूडीला तर तो बरोबर नेणार होता. बॉनी हात पुढे करते आणि अँडी वूडीला झटकन मागे ओढून घेतो. माझ्या डोळ्यांना पाणी येतं ते तिथे. श्लोक म्हणताना आजोबांचा आवाज बसला, तो हाच क्षण. मग अँडी वूडीबद्दलही सांगतो, आणि देतो.

त्याच सिनेमातला लॉट्सो आठव, स्ट्रॉबेरीच्या वासाचा अस्वल. तो सहलीच्या जागी मागे राहिला, पायपीट करून घरी परतला, तर त्याच्या जागी तसाच दुसरा आणलेला. त्याच्याबद्दल कुणी कुणाला काही सांगितलं नाही. नवऱ्याने सोडलेल्या बाईला आपल्याकडे 'टाकलेली' म्हणत. फार वाईट शब्द आहे. लॉट्सो बघताना मला तो शब्द आठवतो आणि लॉट्सोचा राग येत नाही.

पहिला भाग १९९५ चा, हा २०१० चा. पहिला पाहिला तेव्हा मी शाळेत होते, हा पाहिला तेव्हा लग्नाला वर्ष झालं होतं. थिएटरमधून निघाल्यावर मी आजोबांना फोन केला आणि जेवलात का एवढंच विचारलं.

मीही एकदा झाल केली आहे, आठ वर्षांची असताना. अक्षय्य तृतीयेला घरात चैत्रगौरीचं शेवटचं हळदीकुंकू, कैरीची डाळ, पन्हं, आणि गल्लीत मुली बाहुला-बाहुलीचं लग्न लावायच्या. बाजारात मातीचे गुड्डे-गुडिया मिळत, पण माझी बाहुली आजीने जुन्या साडीची शिवलेली होती. तिचं लग्न समोरच्या घरातल्या मैत्रिणीच्या बाहुल्याशी लागलं आणि ती सासरी गेली. रात्री मी जेवले नाही, लोणचं वाढलं तरी नाही. आजी म्हणाली, लेक मांडवपरतणीला येते, उद्या आणू. दुसऱ्या दिवशी आजी खरंच चप्पल घालून माझ्याबरोबर आली आणि समोरच्या दारात उभी राहून मैत्रिणीच्या आईला म्हणाली, "बिटिया को लिवाने आए हैं." त्या हसल्या नाहीत. बाहुलीला कुंकू लावलं, वाटीत साखर घातली आणि आमच्याबरोबर पाठवली.

सिनेमात मांडवपरतणी नाही. अँडीची गाडी जाते आणि खेळणी बघत राहतात. मला वाटतं आजीचे डोळे त्यानेच भरले. तिची लेक कॅनडात आहे, दोन वर्षांतून एकदा येते, आणि या वर्षी तर तुलाच एकटीला पाठवलं.

ती बाहुली अजून तिथेच आहे. आजीच्या पलंगाखालच्या लोखंडी ट्रंकेत, माझ्या शाळेच्या स्वेटरमध्ये गुंडाळलेली. डाव्या हाताची शिवण उसवली असेल, ती आजीकडून घालून घे. आणि तिला इकडे आणावंसं वाटलं, तर आधी आजीजवळ बस आणि बाहुलीचं काय काय आहे ते आजीला सगळं सांगू दे.

तुझी,
आई